हद्दपारी कुणाची, सोय कुणाची?

जून २०२५ मध्ये स्थलांतरित मजुरांच्या धरपकडीविरुद्ध लॉस एंजेलिसची जनता रस्त्यावर उतरली, तेव्हा ट्रम्प सरकारने गव्हर्नरचा विरोध डावलून नॅशनल गार्ड आणि ७०० मरीन सैनिक धाडले. कामगार पुढारी डेव्हिड ह्युएर्टा यांना अटक झाली. पण शेतमालक व हॉटेलवाल्यांनी गाऱ्हाणे घालताच तेथील छापे थांबवण्याचा आदेश निघाला! (तो काही दिवसांतच फिरवला गेला, हा भाग निराळा.) १९५४ सालीही आयसेनहॉवर सरकार मेक्सिकन मजुरांना हुसकावीत होते आणि त्याच वेळी ‘ब्रासेरो’ कराराखाली मेक्सिकन मजूरच शेतांवर आणीत होते. भांडवलदारांना स्वस्त मजूर हवा असतो, आणि तो भेदरलेला हवा असतो. हद्दपारीच्या भीतीने ग्रासलेला माणूस युनियनची पावती फाडत नाही. १९८६ च्या कायद्यानुसार अशा मजुरांना जाणूनबुजून राबवणारा मालकही दोषी आहे. त्याच्यासाठी मरीन निघाल्याचे ऐकिवात नाही.