मालमोटारीच्या चालकाचा विरंगुळा : आपलाही प्रश्न

आपल्या संघाच्या वार्षिक अंकातून बाजारभाव, करपद्धती, बाजार समितीचे नियम, साठवणुकीच्या सोयी इत्यादी विषयांवर दरवर्षी लेख येतात, व ते यावयासच हवेत. परंतु पाच-सहा लाख रुपयांचा गहू ज्या एका माणसाच्या भरवशावर आपण रात्री रस्त्यावर सोडतो, त्या मालमोटारीच्या चालकाविषयी ह्या पानांत सहसा चार ओळीही आढळत नाहीत. त्याचे भाडे, त्याला दिलेली उचल, वजनात आलेली तूट ह्यांची चर्चा पेढीवर रोज होते. त्याचे लांब प्रवासातले एकाकी तास कसे जातात, हा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही. विषय क्षुल्लक वाटेल. तथापि आपला माल, त्याचा जीव आणि रस्त्यावरील तिऱ्हाइताचा जीव, ह्या तिन्हींशी तो निगडित आहे, अशी माझी खात्री झाल्यामुळे त्यासंबंधी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

उदाहरणादाखल आपल्या नित्य परिचयाचाच मार्ग घेऊ. इंदूरकडील गहू बेळगावच्या बाजारात यावयाचा म्हणजे सेंधव्याजवळचा बिजासन घाट उतरून धुळे, नाशिक, पुणे, पुढे खंबाटकीचा घाट, सातारा, कराड, कोल्हापूर, निपाणी असा सुमारे नऊशे किलोमीटरचा प्रवास होतो. भरलेल्या गाडीचा सरासरी वेग ताशी चाळीस किलोमीटर धरला, तरी साडेबावीस तास चाकामागे बसावे लागते. पूर्वी गाडीवर क्लीनर असे. दोन शब्द बोलावयास, उतारावर गाडी थांबली की चाकाखाली उटी लावावयास तो उपयोगी पडे. आता खर्च परवडत नाही म्हणून पुष्कळ गाड्यांवर चालक एकटाच असतो. समोर रस्ता, कानात इंजिनाचा एकसुरी आवाज आणि पाठीमागे वीस टन ओझे, अशा स्थितीत मन रमविण्यास काहीतरी साधन हवे, ही गरज तहानेइतकीच स्वाभाविक आहे.

ही साधने कशी बदलत गेली ते पाहण्यासारखे आहे. खिशात मावेल असा ट्रान्झिस्टर रेडिओ अमेरिकेत १९५४ साली प्रथम विक्रीस आला. आपल्याकडे ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीची विविध भारती सुरू झाली आणि पुढे ट्रान्झिस्टर स्वस्त होत गेला, तसतशी धाब्यावरच्या बाजेवर आणि गाडीच्या केबिनमध्येही नभोवाणी पोहोचली. १९६३ साली हॉलंडच्या फिलिप्स कंपनीने छोट्या डबीतील ध्वनिफीत बाजारात आणली. कालांतराने चालकाच्या डोक्यावरील फळीवर अशा फितींची चळत दिसू लागली. त्यात चित्रपटगीते असत, तशीच भजने, कीर्तने, पोवाडे आणि लोकनाट्येही असत. मग नखाएवढी ‘चिप’ आली. मोबाईलच्या दुकानात थोड्या पैशांत शेकडो गाणी भरून मिळू लागली. आणि २०१६ नंतर इंटरनेट अतिशय स्वस्त झाल्यावर गाणी, चित्रपट, बातम्या, खेळ, घरच्यांचे चेहरे, सगळेच एका फोनमध्ये येऊन बसले.

ह्या इतिहासात एक मर्म आहे. रेडिओ, फीत, चिप ही सर्व साधने कानाची होती. हात सुकाणूवर आणि डोळे रस्त्यावर ठेवूनच त्यांचा आस्वाद घेता येई. फोनने प्रथमच चालत्या गाडीत डोळ्यांची करमणूक आणली. म्हणून चालकाचा विरंगुळा चांगला की वाईट, असा सरसकट वाद घालण्यात अर्थ नाही. कोणता विरंगुळा चाक फिरत असताना, आणि कोणता चाक थांबल्यावर, एवढाच विवेक करावयाचा आहे.

चाक फिरत असताना फक्त कान, हा पहिला नियम. त्यातही थोडे तारतम्य लागते. शहरांतील एफ. एम. केंद्राचा आवाज स्वच्छ असतो, परंतु त्याच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जात असल्याने पन्नास-साठ किलोमीटरनंतर किंवा डोंगर आडवा येताच त्या क्षीण होतात. मध्यमलहरींचा आवाज तितका स्वच्छ नसतो, पण पल्ला मोठा असतो. रात्री तर वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन त्या फार दूरवर ऐकू येतात. फोनवरील गाण्यांचेही तसेच आहे. घाटात संपर्क तुटतो, गाणे बंद पडते, आणि ते पुन्हा सुरू करण्याच्या खटपटीत नजर खाली जाते, तीही नेमकी वळणावर. ह्यास उपाय सोपा आहे : निघण्यापूर्वीच दहा-बारा तासांचा मजकूर फोनमध्ये उतरवून त्याची क्रमवारी लावून ठेवावी, म्हणजे वाटेत बोट लावण्याचे कारण पडत नाही. आवाज केबिनमधील कर्ण्यातून यावा. दोन्ही कानांत बोंडे घालून गाडी हाकू नये. मागच्या गाडीचा भोंगा, टायर फुटल्याचा आवाज, सुटलेल्या ताडपत्रीची फडफड ह्यांची सूचना कानांनाच प्रथम मिळते.

ऐकावयाचे काय, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग झाला. तथापि जुन्या चालकांकडून एक गोष्ट मी वारंवार ऐकली आहे. तीच तीच गाणी थोड्या वेळाने इंजिनाच्या घरघरीसारखीच होतात. उलट एखादे आख्यान, कीर्तन, नाटक किंवा कथा चालू असली की पुढे काय होणार ह्या उत्सुकतेने मन जागे राहते. हिंदी, मराठी, कन्नड ह्या तिन्ही भाषांत असा श्राव्य मजकूर आज विपुल उपलब्ध आहे. ज्याला वाचता येत नाही त्यालाही तो आपलासा वाटतो, हा त्याचा आणखी एक गुण.

येथे एका घातक समजुतीचा समाचार घेणे अवश्य आहे. झोप येऊ लागली तर मोठ्याने गाणी लावावीत म्हणजे ती पळते, असे चालक म्हणतात आणि माल लवकर हवा असलेले आपले बंधूही तसेच सुचवितात. झोप गाण्याने पळत नाही, फार तर काही मिनिटे दबते. आणि दबलेली झोप पहाटेच्या सुमारास डोळे उघडे असतानाच माणसाला गाठते. झोपेचे देणे झोपेनेच फिटते. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास, लांब पल्ल्याच्या मार्गावर परवानगीने फार तर दहा तास, आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा, अशी मर्यादा घातली होती. हा हिशेब वरील मार्गास लावला तर इंदूरहून बेळगावास येण्यास जवळजवळ तीन दिवस लागावेत. परवा संध्याकाळी निघालेली गाडी आज सकाळी दारात हवी, असा आग्रह जेथे धरला जातो, तेथे विरंगुळ्याच्या साधनाकडून जागरणाचे काम करून घेतले जाते. ते त्याचे काम नव्हे.

आता डोळ्यांच्या करमणुकीकडे वळू. गाडी चालवीत असताना हातात फोन धरणे हा मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार धोकादायक वाहन चालविण्याचा गुन्हा असून पहिल्याच वेळी एक ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तेव्हा चित्रपट आणि घरच्यांशी समोरासमोर बोलणे हे सर्व गाडी उभी केल्यावर. ह्यातही व्यवहाराच्या काही गोष्टी आहेत. मोठ्या मालमोटारीची विद्युतयोजना चोवीस व्होल्टची असते. मोटारगाडीसाठी बनविलेला बारा व्होल्टचा स्वस्त चार्जर तिला लावल्यास तो जळतो, प्रसंगी फोनही घेऊन जातो. इंजिन बंद ठेवून रात्रभर मोठा कर्णा वा पडदा चालविल्यास सकाळी बॅटरी उतरते आणि गाडी जाग्यावरून हलत नाही. जादा विजेची डबी, जिला पॉवर बँक म्हणतात, ती चांगली सोय आहे. मात्र काचेमागच्या उन्हात ती ठेवू नये.

फोनमधील एका खेळाविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. पैसे लावून खेळावयाच्या रमीसारख्या खेळांनी कित्येक चालकांचे डिझेलचे पैसे वाटेतच संपविले. अशा खेळांवर केंद्र शासनाने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली, हे योग्यच झाले. परंतु कायद्याने वाट बंद झाली म्हणून रिकामा वेळ बंद होत नाही. तो दुसरी वाट शोधतो. ह्या रिकाम्या वेळाचे उगमस्थान कोठे आहे, हे पाहू गेल्यास बोट आपल्या व्यापाराकडेच वळते.

गाडी शनिवारी दुपारी यार्डात येते. हमालांची पाळी संपलेली, गोदामात जागा नाही, रविवारी सुट्टी. सोमवारी अकरा वाजता काटा होतो आणि संध्याकाळी पोती उतरतात. हे दोन दिवस चालक गाडीच्या सावलीत अंथरूण टाकून काढतो. पाळी केव्हा येईल हे ठाऊक नसल्याने त्याला स्वस्थ झोपही घेता येत नाही. हाती राहतो तो फोन. रात्री दोन वाजेपर्यंत तो चित्रपट पाहतो, दिवसा हाक केव्हा येईल म्हणून जागा राहतो, आणि गाडी खाली होताच परतीचे भाडे गाठण्यासाठी त्याच रात्री निघतो. रस्त्यावर जे घडते त्याचे बीज पुष्कळदा आपल्या यार्डातच पेरलेले असते.

ह्यावर दोन आक्षेप संभवतात. चालक हा वाहतूकदाराचा नोकर, त्याच्या सुखसोयीशी धान्यव्यापाऱ्याचा संबंध काय, हा पहिला. संबंध एवढाच की, गाडी ज्या जागी उभी राहते ती जागा आपली आहे आणि ती उभी राहण्याचे कारणही आपले आहे. ह्या लाडांना अंत नाही, हा दुसरा. चालकाच्या केबिनमध्ये थंड हवेची सोय असावी, ही गोष्टसुद्धा एके काळी अशाच लाडांत जमा होत असे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड मालमोटारींत शासनाने ती सक्तीची केली. आपल्या पूर्वजांनी अनोळखी वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधल्या, पाणपोया घातल्या. आजचा वाटसरू तर आपलाच माल घेऊन येतो.

तेव्हा माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, यार्डात चालकांसाठी एक खोली असावी : पंखा, पिण्याचे पाणी, स्वच्छ शौचालय, फोन भारित करण्यासाठी दहा-बारा जोडण्या, एक रेडिओ, कॅरमचा पट आणि तीन भाषांतील वर्तमानपत्रे. रात्री दहानंतर तेथे दिवे मालवावेत, कारण झोप ही त्या खोलीतील सर्वांत मोलाची सोय होय. दुसरी, गाडी दाखल होताच तिला क्रमांक आणि उतरवणुकीची अंदाजे वेळ लेखी द्यावी. वेळ ठाऊक झाली की माणूस निर्धास्त झोपतो.

तिसरी सूचना बिनखर्ची असून सर्वांत अवघड आहे. चालत्या गाडीतील चालकाचे लक्ष ज्या कारणांनी विचलित होते, त्यांत आपल्या पेढ्यांवरून होणाऱ्या विचारणेचाही वाटा आहे. ‘कुठवर आलास?’ हे विचारण्यासाठी दर तासाला फोन वाजतो, आणि मालधन्याचा फोन न उचलण्याची छाती चालकाला होत नाही. त्याऐवजी दिवसातून दोन वेळा ठरवाव्यात. तो गाडी उभी करून त्या वेळी आपण होऊन फोन करील. त्याने चित्रपट पाहू नये असे सांगण्याचा अधिकार आपल्याला ह्यानंतरच प्राप्त होईल.

खोलीचा खर्च सर्व सभासदांत वाटला तर कोणाच्याही वर्षाच्या उलाढालीत तो जाणवणार नाही. येत्या वार्षिक सभेपुढे ह्या अर्थाचा ठराव मी मांडणार आहे. सभासद बंधुभगिनींनी त्यावर साधकबाधक चर्चा करावी, उणिवा दाखवाव्यात, आणि पटल्यास पुढील हंगामाचा गहू यार्डात येऊ लागण्यापूर्वी ती खोली उघडावी, अशी माझी विनंती आहे.