‘बिल हवंय का?’ हे विचारणं आता बंद करू

नाशिकमध्ये अंबडच्या कारखान्यांतले एसी आम्ही दुरुस्त करतो आणि सिडको-इंदिरानगरच्या घरांतलेही. काम तेच, कपॅसिटर तोच, पोरंही तीच. दर सांगायची वेळ आली की मात्र दोन्हीकडे वेगळं बोलावं लागतं. कारखान्याचा परचेसवाला दराआधी जीएसटी नंबर विचारतो. ‘अधिक 18 टक्के’ म्हटलं तरी त्याला फरक पडत नाही. आम्हाला दिलेला कर त्याला क्रेडिट म्हणून परत मिळतो. घरातल्या काकूंना त्यातला एक रुपयाही परत मिळत नाही. सहाशेची सर्व्हिसिंग 708 झाली की त्या लगेच म्हणतात, “भाऊ, बिल नको, सहाशेच घ्या.” चूक त्यांची नाही. ‘बिल हवंय का?’ हे आधी आपणच विचारलेलं असतं.

सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की 30 दिवसांत जीएसटी नोंदणीचा अर्ज करावा लागतो. उलाढाल म्हणजे कमाई नव्हे. आमच्या धंद्यात कॉम्प्रेसर, पीसीबी, तांब्याचा पाइप, गॅस यांची किंमतही तिच्यातच धरली जाते. हाताखाली दोन-तीन पोरं आणि एक बरा उन्हाळा, एवढ्यावर माणूस 20 लाखांच्या जवळ पोचतो. मग काही जण वर्षाअखेरीला बिलंच फाडत नाहीत, काही जण बायकोच्या नावावर दुसरी फर्म काढतात. या सगळ्यामागे भीती एकच: दर 18 टक्क्यांनी वाढवावे लागतील आणि गिऱ्हाईक पळेल.

ही भीती हिशेबात टिकत नाही. समजा, फक्त घरगुती कामं करणाऱ्याची उलाढाल 22 लाख आहे. त्यातले 9 लाख 44 हजार सुट्या भागांवर जातात आणि त्यात 1 लाख 44 हजार जीएसटीच असतो. नोंदणी नसेल तर ते पैसे गेलेच. दर न बदलता नोंदणी केली, तर 22 लाखांतून (18 भागिले 118 या हिशेबानं) साधारण 3 लाख 36 हजार कर निघतो. भागांवरचं क्रेडिट वजा केलं की 1 लाख 92 हजार खिशातून भरायचे राहतात. ते भरून काढायला दर साधारण सव्वादहा टक्के वाढवले तरी पुरतात. म्हणजे सहाशेचे साधारण 662, 708 नव्हे. नोंदणी लागू होण्याच्या आदल्या दिवशी गाळ्यात पडून असलेल्या मालाचंही क्रेडिट मिळतं, फक्त वर्षाच्या आतली खरेदीची बिलं जपलेली हवीत. शिकवणीवाल्याची गोष्ट वेगळी. त्याची खरेदी जवळजवळ नसतेच, त्यामुळे त्याला 18 टक्क्यांचा दणका बराचसा पूर्ण बसतो.

कंपोझिशन योजनेचाही रस्ता आहे. 2019 पासून सेवांना 50 लाखांपर्यंत सरसकट 6 टक्के भरून मोकळं होता येतं. वरच्या उदाहरणात 1 लाख 32 हजार. क्रेडिट मिळत नाही, गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही, त्यामुळे दर आपोआप एकच राहतो. निव्वळ घरगुती कामाला हे बरं. पण एका पॅनवर सगळाच धंदा कंपोझिशनमध्ये जातो. मग कारखान्याला क्रेडिट मिळत नाही आणि तो दुसरा माणूस बघतो. अंबड-सातपूरच्या एएमसी (वर्षभराच्या देखभालीचे करार) हव्या असतील तर नेहमीची नोंदणीच करावी. नोंदणीआधी वर्षभराची एएमसी लिहून देत असाल, तर ‘जीएसटी लागू झाल्यास वेगळा’ ही ओळ त्यात घालाच. ती नसेल तर तो कर मेकॅनिकच्या गळ्यात पडतो.

घरच्या गिऱ्हाइकाला मात्र एकच आकडा सांगावा, कर धरून. दोन आकडे सांगितले की कर म्हणजे मेकॅनिकनं लावलेला भुर्दंड वाटतो. त्यात आता निम्मे पैसे फोनवरून येतात, त्यामुळे उलाढाल लपत नाही. जुलै 2025 मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या व्यवहारांवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा बेंगळुरूत क्यूआर कोड काढून ‘फक्त रोख’च्या पाट्या लागल्या. असं किती दिवस चालणार?

सरकारचंही चुकतंय. एप्रिल 2019 मध्ये मालासाठीची मर्यादा 40 लाख झाली, सेवांची 2017 पासून 20 लाखांवरच आहे. या काळात गॅस, भाडं, पोरांचा पगार, काय वाढलं नाही? 22 सप्टेंबर 2025 पासून नव्या एसीवरचा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला, सलूनचा 18 वरून 5 वर. दुरुस्तीवर 18 तसाच. नवा एसी घ्या की जुना चालता करून घ्या, कर सारखाच. दुरुस्ती करून वस्तू वापरणाऱ्याला यात कसलं प्रोत्साहन?

जीएसटी परिषदेत महाराष्ट्रही बसतो. सेवांचीही मर्यादा 40 लाख करा, ही मागणी आपल्या राज्यानं तिथे लावून धरावी. आणि धंद्यातल्या भावांनो, उन्हाळ्याआधी नवं दरपत्रक छापाल तेव्हा त्यावर कर धरूनच आकडा टाका.