डालड्याचा डबा आणि साहित्याचे सोवळे

हर्बर्ट लेऊपिन या स्विस चित्रकाराने गेल्या शतकाच्या मध्यास काढलेली खाद्यपदार्थांची भित्तिपत्रके आज संग्राहक मोठ्या हौसेने जमवतात. चित्रे देखणी आहेत, त्या हौसेला आमची हरकत नाही. पण ती टिकली कशी? तिथे भित्तिपत्रकाचे माप ठरलेले, ९०.५ × १२८ सेंटिमीटर. १९४१ पासून वर्षातील उत्तम भित्तिपत्रकांना सरकारी सन्मान. आणि झुरिक-बाझलच्या संग्रहांत त्यांची रीतसर जपणूक.

आमच्याकडे १९३७ साली 'डालडा' आला. 'दादा' या आयातदाराच्या नावात लीव्हरने आपला 'ल' बसवला, अशी या शब्दाची व्युत्पत्ती सांगतात. (भाषाविज्ञानाच्या तासाला हे उदाहरण आम्ही कधी ऐकले नाही.) घरातल्या तुपाच्या जागी वनस्पती बसवायचे म्हणजे नुसता डबा खपवणे नव्हे. तुपाभोवती सणवार, पथ्य, ऐपत, नैवेद्य असे सारे काही होते आणि त्या साऱ्याशी जाहिरातीच्या मराठीला झुंजावे लागले. ताडाच्या झाडाचा पिवळा डबा पुढे पिठामिठाला, तुळशीला उपयोगी पडला. मजकूर मात्र गेला. मासिकांची बांधणी करताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याची ग्रंथालयीन रीत आपणा सर्वांच्या परिचयाची आहे.

'हे साहित्य नव्हे' असे म्हणणाऱ्या प्राध्यापकांना आम्ही वाशिमला बोलावतो. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह लावला तो वत्सगुल्मात, म्हणजे याच गावी. आणि १९३९ साली उजेडात आलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा वाशिम ताम्रपट तरी काय आहे? दानाचा सरकारी दस्तऐवज. काव्य नव्हेच. तरी त्यातला संस्कृत-प्राकृताचा सांधा अभ्यासक आजही तपासतात. तांब्यावर कोरले तर भाषेचा पुरावा आणि कागदावर छापले तर रद्दी, हा न्याय कुठला?

संग्राहकांशीही आमचे भांडण आहेच. ते चित्र कापून चौकटीत घालतात; मजकूर, अंकाचे नाव, महिना, साल कचऱ्यात जाते. असे चित्र भिंतीची शोभा वाढवील, अभ्यासाच्या काडीच्या उपयोगाचे नाही.

याच जिल्ह्यात कारंज्याच्या जैन भांडारांनी अपभ्रंशातल्या पोथ्या शतकानुशतके सांभाळल्या, म्हणून पुष्पदंत आम्हांस छापील रूपात वाचता आला. आमची मागणी त्या मानाने क्षुल्लक आहे. वाशिम, कारंजा, रिसोडच्या वाचनालयांत जुने सुटे अंक असतील, तर मराठी विभागातल्या एखाद्या विद्यार्थ्याने बांधणीवाल्याच्या आधी तिथे पोहोचावे, आणि पाने जाहिरातींसकट, सालासकट टिपून घ्यावीत.