सरासरी बिबट्या कुठे राहतो?

वारूळवाडी, नारायणगाव भागात ऊस डोक्याएवढा झाला की रात्री दारे धरायला निघालेल्या माणसाच्या एका हातात बॅटरी असते आणि खिशातल्या मोबाइलवर मोठ्याने गाणी चालू असतात. शेतीला दिवसा वीज द्या, ही जुन्नर-आंबेगावची जुनी मागणी त्या भीतीतूनच आली आहे. दुसरी मागणी, बिबटे पकडून लांब नेऊन सोडा, ही. नसबंदी, एआय सायरन यांचीही भर आता चर्चेत पडली आहे. यातल्या कोणत्या उपायाला आकड्यांचा आधार आहे?

मॉर्टन ऑडेन, विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी पाच बिबट्यांना जीपीएस कॉलर लावून केलेला अभ्यास २०१४ मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये प्रसिद्ध झाला. चार बिबटे महाराष्ट्रातले, एक हिमाचलमधला. रात्री बिबट्या तासाला सरासरी ३३९ मीटर सरकतो, दिवसा फक्त ६० मीटर, असे त्यात दिसले. दाट वस्तीत राहणाऱ्या तिघांच्या रात्रीच्या नोंदींपैकी २० टक्के घरांपासून २५ मीटरच्या आत होत्या. दिवसा हे प्रमाण एक टक्काही नव्हते. विरळ वस्तीतला एक बिबट्या मात्र दिवसा-रात्री घरांपासून दूरच राहिला.

आता या पाचही जणांच्या वावराच्या क्षेत्राची सरासरी काढून पाहा. जवळच सोडलेल्या तिघांचे क्षेत्र ८, ११ आणि १५ चौरस किलोमीटर. मूळ जागेपासून ५२ किलोमीटरवर नेऊन सोडलेल्या दोघांचे ४२ आणि ६५. सरासरी येते सुमारे २८, आणि त्या पाचांत २८च्या आसपासचा एकही बिबट्या नाही!

कॉलर तासातासाला नोंद देते, त्यामुळे आकड्यांचा ढीग लवकर साचतो. पण नारायणगावच्या बाजारात पाचच शेतांतून आलेले हजार टोमॅटो तोलले, तर हजार शेतांची माहिती मिळाली असे कोणी म्हणत नाही. एका शेतातले टोमॅटो एकमेकांसारखे असतात. तसेच एका बिबट्याच्या नोंदीही एकमेकींसारख्या असतात. उसात झोपलेला बिबट्या दहा तासांत दहा वेळा जवळपास तीच जागा कळवतो. त्या दहा स्वतंत्र नोंदी धरल्या की निष्कर्ष आहे त्याहून पक्का वाटू लागतो.

‘मिक्स्ड इफेक्ट्स मॉडेल’ नावाची सांख्यिकी पद्धत हा घोळ टाळते. रात्र-दिवस, वस्तीची घनता, स्थलांतर यांचा सर्वांवर होणारा परिणाम ती एका बाजूला मोजते आणि प्रत्येक जनावराची स्वतःची खोड दुसऱ्या बाजूला. ज्याची कॉलर लवकर बंद पडली, त्याचा अंदाज ती इतरांच्या सरासरीकडे थोडा ओढून घेते, कारण थोड्या नोंदींवर फार विश्वास टाकणे बरे नव्हे. मात्र पाचाचे पन्नास ती करू शकत नाही. जनावरे कमी असली की उत्तरातली अनिश्चितता ती मोठी दाखवते, आणि तसेच दाखवायला हवे.

मागण्यांचे वजन इथे वेगळे होते. रात्र आणि दिवस ही तुलना प्रत्येक बिबट्याच्या स्वतःशीच होते. खोड कोणतीही असो, दोन्ही वेळा जनावर तेच असते. म्हणून पाचांवरूनही हा फरक बराच भरवशाचा ठरतो आणि दिवसा विजेच्या मागणीला तो बळ देतो. घरांजवळ कोण किती येतो, हे मात्र बिबट्यागणिक बदलते. तिथे पाच फारच थोडे. पुढचा निधी आला तर दोन बिबट्यांवर चार वर्षे खर्च करण्यापेक्षा वीस जणांना काही महिने कॉलर लावणे मला जास्त उपयोगाचे वाटते.

लांब सोडण्याबद्दल कॉलरच्या पुराव्यात दोनच जनावरे आहेत, पण जुन्नरचा स्वतःचा अनुभव त्याहून मोठा आहे. १९९३ ते २००१ या काळात तिथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. मोठ्या प्रमाणावर बिबटे हलवल्यानंतर, २००१ ते २००३ मध्ये, ती सरासरी १७ झाली.

दिवसा वीज मिळाली तरी तासाला ६० मीटर सरकणारा बिबट्या असतो कुठे, तर बहुधा उसातच. रात्री दारे धरणाऱ्याचा धोका त्याने कमी होईल. कोयता घेऊन दिवसा फडात शिरणाऱ्या ऊसतोड कामगाराचा होणार नाही.