प्रेम करा, पण हिशेब मागा

२००६ साली अमेरिकेतल्या काही चाहत्यांनी युनिव्हर्सल या बलाढ्य फिल्म स्टुडिओच्या नावाने एक बिल तयार केले. कामाचे तास सुमारे २८ हजार. रक्कम वीस लाख डॉलरहून अधिक. काम काय, तर ‘सेरेनिटी’ या विज्ञानपटाचा फुकट प्रचार. बिल प्रतीकात्मक होते, पण आम्हाला ते फार महत्त्वाचे वाटते. आपण प्रेमापोटी केलेल्या कामाचे तास मोजावेत, एवढी साधी गोष्ट चाहत्यांना क्वचितच सुचते. या चाहत्यांना ती सुचली, पण उशिरा सुचली आणि अर्धीच सुचली. त्या अर्धवट राहिलेल्या हिशेबाबद्दल आज बोलायचे आहे.

मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकजण मालिकांचे आणि सिनेमांचे कट्टर चाहते आहेत. आम्हीही आहोत. त्यामुळे हा लेख कुणाच्या आवडीची टिंगल करण्यासाठी लिहिलेला नाही. आधी ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी.

‘फायरफ्लाय’ ही जॉस व्हीडन यांची मालिका २० सप्टेंबर २००२ रोजी फॉक्स वाहिनीवर सुरू झाली. पाचशे वर्षांनंतरचा काळ. ‘अलायन्स’ नावाच्या केंद्रीय सत्तेने सगळे ग्रह आपल्या टाचेखाली आणलेले. त्या युद्धात हरलेला एक सैनिक, कॅप्टन माल्कम रेनॉल्ड्स, एका जुनाट यानात आठ माणसांसह माल वाहतो, तस्करी करतो आणि जमेल तसा जगतो. वाहिनीने भाग क्रमाने दाखवले नाहीत. कथेची सुरुवात सांगणारा दोन तासांचा भाग सगळ्यात शेवटी दाखवला. १४ भाग तयार झाले होते, त्यातले ११ दाखवून मालिका बंद केली. चाहते संतापले. त्यांनी वर्गणी काढून ‘व्हरायटी’ या व्यवसायपत्रात जाहिरात दिली. पुढे डीव्हीडी आली आणि ती एवढी खपली की युनिव्हर्सलने त्याच कथेवर चित्रपट काढायचे ठरवले. बंद पडलेली मालिका पडद्यावर परत आली ती या माणसांच्या जिद्दीमुळे. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

मालिकेतल्या हरलेल्या सैनिकांना ‘ब्राउनकोट’ म्हणत. चाहत्यांनी तेच नाव घेतले. २००५ च्या मे महिन्यापासून स्टुडिओने अपुरा चित्रपट निवडक शहरांत दाखवायला सुरुवात केली. सगळी तिकिटे संपली. लोक तपकिरी कोट घालून आले, टाळ्या वाजवल्या, रडले. ३० सप्टेंबरला चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा वैमानिक वॉशचा अचानक मृत्यू पाहून अनेकांनी व्हीडनवर राग काढला, आणि राग काढूनही पुन्हा तिकीट काढले. तरी पहिल्या आठवडाअखेरीस कमाई झाली जेमतेम एक कोटी डॉलर. खर्च सुमारे ३ कोटी ९० लाख, जगभरातली एकूण कमाई साधारण चार कोटी. दुसरा चित्रपट निघाला नाही.

आता आमचा मुद्दा. हे लोक संघटित होते, चिवट होते, शिकलेले होते. पण त्यांची मागणी एकच होती : आम्हाला आणखी द्या. कोणत्या अटीवर, कुणाच्या श्रमावर आणि कुणाला बाहेर ठेवून, हे विचारायला ते विसरले. मागणी नसलेली संघटना दुसऱ्याच्या कामाला येते. इथे तेच झाले.

पहिला हिशेब श्रमाचा. स्टुडिओने चाहत्यांसाठी खास संकेतस्थळ काढले. प्रचाराची कामे नेमून दिली, कामाला गुण दिले आणि गुणांवर वस्तू देऊ केल्या. म्हणजे मजुरीऐवजी बिल्ले. चाहत्यांना तो मान वाटला. चित्रपट गल्ल्यावर पडल्यानंतर मात्र नूर बदलला. २००६ मध्ये स्टुडिओच्या वकिलांनी चित्रपटाशी संबंधित वस्तू विकणाऱ्या एका चाहतीला नोटीस पाठवली आणि मागच्या विक्रीची परवाना फी मागितली. सुरुवातीला सांगितलेले बिल याच नोटिशीचे उत्तर होते. २०१३ मध्ये फॉक्सच्या बाजूने तीच कथा. मालिकेत जेन नावाच्या दांडगट पात्राला त्याची आई लोकरीची वेडीवाकडी टोपी विणून पाठवते. कितीतरी चाहते वर्षानुवर्षे ती टोपी हाताने विणून विकत होते. टोपीचा परवाना एका कंपनीला दिला गेला आणि या विणणाऱ्यांना विक्री बंद करण्याच्या नोटिसा गेल्या.

कुणी म्हणेल, कायद्याने हक्क स्टुडिओचाच आहे. असेल. मग पोस्टर लावताना हा चाहता ‘आपल्या कुटुंबातला’ कसा होता? काम करताना घरचा आणि चार पैसे मिळवताना चोर, हा न्याय आपल्या समाजाला अनोळखी नाही.

तरीही इथे वेठबिगारीशी तुलना करण्याचा मोह आम्ही आवरतो. महार वतनात गावची कामे जन्माने गळ्यात पडत, ती नाकारण्याची सोय नव्हती. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते या सक्तीविरुद्ध. अमेरिकेतला चाहता केव्हाही कोट उतरवून घरी जाऊ शकत होता. त्याला कुणी बांधले नव्हते. म्हणूनच प्रश्न उरतो : ज्याला कुणी बांधले नाही, तो आपला हिशेब आपणहून का सोडून देतो? उत्तराकडे येण्याआधी आणखी दोन हिशेब पाहू.

दुसरा हिशेब गैरहजर माणसांचा. या कथेत अमेरिका आणि चीन या दोन महासत्तांची संस्कृती एकमेकींत मिसळून गेली आहे. पात्रे मँडरिनमध्ये शिव्या देतात, भिंतींवर चिनी अक्षरे दिसतात, दोन महत्त्वाच्या पात्रांचे आडनाव टॅम आहे, जे चिनी लोकांत सर्रास आढळते. आणि यानावरच्या नऊ मुख्य कलाकारांत चिनी वंशाचे किती? एकही नाही. म्हणजे चीनची भाषा हवी, भांडी हवीत, कपडे हवेत, चिनी माणूस नको. झोई आणि शेफर्ड बुक ही पात्रे कृष्णवर्णीय कलाकारांनी केली, ही गोष्ट चांगलीच. पण एका समूहाला जागा दिली म्हणून दुसऱ्याची रिकामी खुर्ची भरत नाही.

याच चित्रपटात इनारा नावाचे पात्र शत्रूसमोर प्रार्थनेला बसते. तिची उदबत्ती प्रत्यक्षात स्फोटक निघते. त्यातच बुद्धाकडे लहान मुलासारखी खेळणी मागण्याचा एक विनोद येतो. आमच्या भावना बिवना काही दुखावल्या नाहीत. भावना दुखावण्याचे राजकारण कोण करते आणि त्यात कुणाचा बळी जातो, ते आपण रोज बघतो. पण नवस फेडून घ्यायला बुद्ध कुणाचा देव नाही, एवढे प्राथमिक ज्ञान ज्या लेखनात नाही, त्या लेखनासाठी आशिया म्हणजे दिवाणखान्यातली शोभेची मूर्ती आहे. चिनी शिव्या आणि हा विनोद एकाच कपाटातून आले आहेत. आशियाई वंशाच्या प्रेक्षकांनी ‘आम्ही कुठे आहोत?’ हा प्रश्न उपस्थित केला, तेव्हा अनेक चाहत्यांकडून ठरलेले उत्तर आले : एवढी सुंदर मालिका, त्यात हे काय खुसपट काढता? खुसपट काढणारे कोण आणि सुंदर म्हणणारे कोण, हे नीट बघा.

तिसरा हिशेब त्या कोटाचा. व्हीडनला ही कल्पना सुचली ती ‘द किलर एंजल्स’ ही अमेरिकन यादवी युद्धातील गेटिसबर्गच्या लढाईवरची कादंबरी वाचताना. हरलेल्या बाजूच्या सैनिकाचे पुढे काय होते, असा त्याचा प्रश्न. प्रश्न वाईट नाही. पण त्या युद्धात हरलेली बाजू कशासाठी लढत होती? माणसांना गुलाम म्हणून बाळगण्याच्या हक्कासाठी. मालिकेत तो डाग धुऊन टाकला आहे. उलट कॅप्टन गुलामांच्या व्यापाऱ्यांचा तिरस्कार करतो आणि त्याची उजवा हात असलेली झोई त्याच हरलेल्या सैन्यात लढलेली आहे. उरते फक्त केंद्रीय सत्तेविरुद्ध ताठ मानेने हरण्याचे शौर्य. अमेरिकेतल्या गुलाममालकांच्या वारसांनी शंभर वर्षे हेच केले : गुलामगिरी पुसली आणि पराभवाचे पोवाडे गायले. व्हीडनचा हेतू तसा होता, असे आम्ही म्हणत नाही. पण हजारो लोक ज्या कोटाला आपली ओळख मानतात, त्या कोटाचे कापड कोणत्या गिरणीतले, हे त्यांनी विचारायला नको? कुणाच्या शौर्यकथेतून काय गाळले आहे, हे शोधणे आपल्याला वारशात मिळाले आहे. ती सवय मनोरंजन बघताना खुंटीला टांगून ठेवायची नसते.

आता मघाच्या प्रश्नाचे उत्तर. हिशेब का सुटतो? भक्तीमुळे. ‘जॉस व्हीडन आता माझा स्वामी’ अशा अर्थाचे टीशर्ट त्याचे चाहते घालत. गंमत म्हणून घालत असतील. पण गंमत बरीच वर्षे चालली की सवय होते. स्त्रीवादी लेखक म्हणून त्याचा जयजयकार झाला. २०१७ मध्ये त्याच्या माजी पत्नीने जाहीर लेख लिहून त्याच्या ढोंगाचा आरोप केला, तेव्हा १५ वर्षे त्याच्याभोवती चाललेले ‘व्हीडनेस्क’ हे चाहत्यांचे संकेतस्थळ बंद झाले. २०२० मध्ये रे फिशर या कृष्णवर्णीय अभिनेत्याने आणि २०२१ मध्ये अभिनेत्री करिश्मा कार्पेंटरने त्याच्यावर सेटवरील गैरवर्तनाचे आरोप केले. मग अनेकांनी टीशर्ट कपाटात ठेवले. पण आधीच विवेक शाबूत ठेवला असता, तर एका माणसासोबत आपले सगळे प्रेम कोसळण्याची वेळ आली नसती. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीचा धोका सांगितला. तो इशारा राजकारणाविषयी होता. करमणुकीच्या बाजारालाही तो तेवढाच लागू पडतो, असे आमचे म्हणणे आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला : अहो, सिनेमाच तो, आनंद घेऊ द्या. घ्या ना. पण ज्या गोष्टीसाठी माणसे वर्गणी काढतात, रात्री जागतात, रडतात, ती गोष्ट ‘सिनेमाच तो’ म्हणण्याइतकी क्षुल्लक नसते. दुसरा : चाहत्यांनी चांगली कामेही केली. बरोबर आहे. २००६ पासून याच चित्रपटाचे धर्मादाय खेळ लावून त्यांनी ‘इक्वॅलिटी नाऊ’ या स्त्री-हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेला निधी दिला. आम्ही हे मनापासून मानतो. त्यातूनच आमचा मुद्दा सिद्ध होतो : यांना संघटन जमते, निधी उभारता येतो, न्यायाची भाषाही कळते. तीच भाषा त्यांनी स्टुडिओशी आणि आपल्या लाडक्या लेखकाशी वेळेत वापरली नाही.

आणि आपण? चळवळीत सतरंज्या उचलणारा, पोस्टर चिकटवणारा कार्यकर्ता आणि मंचावरचा नेता यांच्यातले नाते ओळखीचे वाटत नाही का? एखादा आपला माणूस पडद्यावर, मंचावर किंवा सभागृहात पोचला की आपणही म्हणतो, आता प्रश्न नकोत, विरोधकांचे फावेल. तपकिरी कोटवालेही हेच म्हणत होते. आपले नाते ज्या गोष्टीशी सर्वांत घट्ट, तिथेच प्रश्न विचारण्याची गरज सर्वांत जास्त.

गंमत म्हणजे ‘सेरेनिटी’ची कथाच हे सांगते. अलायन्सने मिरांडा नावाच्या ग्रहावर लोकांचा राग शांत करण्यासाठी हवेत एक रसायन सोडले. लोक शांत झाले. इतके शांत झाले की काम सोडले, बोलणे सोडले, खाणे सोडले आणि तीन कोटी माणसे बसल्या जागी मेली. थोडे उरले ते नरभक्षक झाले. कॅप्टन आणि त्याचे सोबती जीव धोक्यात घालून हे सत्य जगाला दाखवतात. त्यातच वॉश मरतो. चित्रपटगृहात चाहत्यांनी वॉशसाठी अश्रू ढाळले. तो कशासाठी मेला, हे घरी येऊन स्वतःला विचारले असते, तर त्या बिलात तासांखेरीज आणखी काही ओळी आल्या असत्या : चिनी कलाकार शून्य, पुसलेली गुलामगिरी, न विचारलेले प्रश्न.

तुम्हाला आवडणाऱ्या मालिकेचा नवा चित्रपट येईल, तेव्हा जरूर जा. शिट्ट्या मारा, रडा. येताना वही सोबत ठेवा.

जय भीम!