मांजरावर आळ घेण्यापूर्वी

घरातल्या मांजराचे केस गळू लागले, अंगावर टकलासारखे चट्टे दिसू लागले की आपल्याकडे साधारणतः दोनच गोष्टी घडतात. एक तर औषधाच्या दुकानातून खाज-नायट्याची एखादी ट्यूब आणून ती मांजराला चोळली जाते, नाहीतर मांजराला पोत्यात घालून गावाबाहेर सोडून दिले जाते. हे दोन्ही उपाय चुकीचे आहेत आणि त्यांचा त्रास मांजराइतकाच घरातल्या माणसांनाही होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. मी माणसांचा डॉक्टर आहे. जनावरांवर उपचार करणे हे माझे काम नव्हे. परंतु मांजराच्या कातडीचा प्रश्न पुष्कळदा घरातल्या मुलांच्या कातडीवरून माझ्या टेबलापर्यंत येतो, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. केस गळणे हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. त्याची कारणे अनेक आहेत आणि केस कोठले गेले यावरून थोडाफार अंदाज बांधता येतो. कमरेवर, शेपटीच्या मुळाशी केस विरळ झाले असतील आणि मांजर सारखे तेथे चावत असेल तर बहुधा पिसवांचा त्रास असतो. कानांच्या कडा, डोके व तोंड यांवर जाड खपल्या धरल्या असतील आणि खाज अनावर असेल तर खरजेच्या किड्याचा संशय घ्यावा. पोटावरचे व मांड्यांच्या आतल्या बाजूचे केस साफ गेले, पण खालची कातडी स्वच्छ दिसते, तेव्हा मांजर स्वतःच चाटून चाटून केस काढत असते. त्यामागे ॲलर्जी असते, कधी लघवीच्या पिशवीचे दुखणे असते, तर कधी घर बदलल्याने किंवा घरात दुसरे मांजर आल्याने बसलेला धसका असतो. चेहरा, कान, पुढचे पाय यांवर गोलसर चट्टे, तुटके केस आणि कोंडा असेल तर नायट्याची बुरशी असू शकते. पांढऱ्या मांजराच्या कानाच्या टोकावर न भरणारी जखम दिसली तर मात्र थांबू नये. उन्हाने तेथे कर्करोग होऊ शकतो. उलट डोळा आणि कान यांच्या मधल्या जागेत केस विरळ असणे हे मांजराच्या बाबतीत नैसर्गिक आहे. त्याची काळजी नको.

पिसवांची परीक्षा घरी करता येते. मांजराच्या अंगावरून बारीक दातांची फणी फिरवावी आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावेत. कणांभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त होय. मांजराच्या अंगावर दिसतात त्या पिसवा थोड्या. त्यांची अंडी व अळ्या गोधडीत, सतरंजीत, फरशीच्या फटीत असतात. त्यामुळे नुसत्या मांजराला औषध लावून भागत नाही.

आता नायट्याकडे वळू. मांजराला होणारा नायटा बहुतेक वेळा एका विशिष्ट बुरशीमुळे होतो आणि ती माणसालाही लागते. मध्यंतरी एक माता आपल्या दोन मुलींना घेऊन आली. थोरलीच्या गळ्यावर आणि दंडावर गोल, लालसर कडेचे चट्टे होते. धाकटीच्या डोक्यावर रुपयाएवढी जागा उघडी पडली होती, तेथे खवले आणि तुटलेले केस होते. महिनाभर ट्यूब लावणे चालू होते. घरात मांजर आहे का, असे विचारताच मुलींनी आनंदाने सांगितले की नवे पिल्लू आणले आहे आणि ते त्यांच्याच पांघरुणात झोपते. पिल्लाच्या कानाजवळचे केस गेल्याचे घरच्यांनी पाहिले होते, पण दोन्ही गोष्टींचा संबंध जोडला नव्हता. डोक्यातला नायटा वरून मलम लावून बरा होत नाही, त्याला पोटातून औषध द्यावे लागते, हेही येथे सांगून ठेवतो.

परंतु याचा अर्थ प्रत्येक नायटा मांजराने दिला असे मुळीच नाही. आपल्याकडे आज मांड्यांत, कमरेवर, काखेत जो हट्टी नायटा दिसतो तो प्रामुख्याने माणसाकडून माणसाकडे जातो. एकच टॉवेल घरभर वापरणे, दमट व घट्ट कपडे घालणे यांतून तो पसरतो. माणसांतली खरूजही माणसाकडूनच येते. मांजराच्या खरजेचा किडा माणसाला चावून खाज आणतो खरा, पण तो आपल्या अंगावर वस्ती करून राहत नाही; मांजर बरे झाले की ती खाज जाते. तेव्हा मांजरावर आळ घेण्यापूर्वी घरातला टॉवेलही तपासावा.

ट्यूबच्या बाबतीत मी वाचकांना कळकळीने सांगतो. दुकानातून मागून आणलेल्या अशा अनेक मलमांत बुरशीच्या औषधाबरोबर तीव्र स्टिरॉइड मिसळलेले असते. त्याने दोन दिवसांत खाज थांबते आणि गुण आला असे वाटते. प्रत्यक्षात बुरशी आत पसरत राहते, चट्ट्याचे रूप बदलते आणि पुढे रोग ओळखणेही अवघड होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरीही ती हातोहात मिळतात, याला विकणारा आणि मागणारा दोघेही जबाबदार आहेत. तीच ट्यूब मांजराला लावली तर आणखी एक भर पडते. मांजर अंगावरचे सर्व काही चाटते, म्हणजे ते औषध पोटात जाते.

मांजराचे यकृत आपल्यासारखे काम करत नाही. अनेक औषधे निष्प्रभ करण्याची शक्ती त्यात फार कमी असते. पॅरासिटामॉलची एक साधी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. फिनाइल, कार्बोलिक, रॉकेल, कापूर घातलेले खोबरेल तेल यांपैकी काहीही मांजराच्या अंगाला लावू नये. कुत्र्यांच्या गोचिडांवरची परमेथ्रीन असलेली औषधे मांजराला विषासमान आहेत. ‘कुत्र्याला चालते, मग मांजराला का नाही?’ हा प्रश्न कोणी विचारू नये.

राहिला मांजर सोडून देण्याचा मार्ग. हातून मांजर मेले तर काशीला सोन्याचे मांजर वाहावे असे सांगणारे आपण, आजारी मांजर मात्र पोत्यात घालून बिनदिक्कत सोडतो. पाळीव जनावर उपाशीतापाशी मरेल अशा स्थितीत विनाकारण टाकून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी त्याने हाती काही लागत नाही. मांजर गेले तरी त्याचे गळलेले केस आणि त्यांवरची बुरशी घरातच राहते आणि महिनोन् महिने जिवंत राहू शकते. शिवाय सोडलेले मांजर दुसऱ्या गल्लीतल्या मुलांना तोच प्रसाद देते.

मग करावे काय? मांजराला पशुवैद्यकाकडे न्यावे. केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, विशिष्ट दिव्याच्या प्रकाशात तपासून किंवा बुरशीची वाढ करून निदान करता येते. घरात दुसरी मांजरे असतील तर तीही दाखवावीत, कारण काही मांजरे, विशेषतः लांब केसांची, वरून निरोगी दिसत असूनही बुरशी बाळगतात. उपचार कित्येक आठवडे चालतात. केस पुन्हा उगवू लागले म्हणून औषध मध्येच थांबवू नये. तोवर मांजराला सहज पुसता येईल अशा एका खोलीत ठेवावे, पण कोंडून एकटे पाडू नये. गळलेले केस रोज ओल्या फडक्याने टिपावेत. कोरड्या झाडूने उडवू नयेत. अंथरुणे धुऊन कडक उन्हात वाळवावीत. मांजराला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. लहान मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे यांनी बरे होईपर्यंत मांजराला मांडीवर घेऊ नये. औषध लावताना मांजराने चावले किंवा ओरबाडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. रेबीज मांजराच्या चाव्यातूनही होतो.

गाई-म्हशींच्या दवाखान्यात मांजर घेऊन गेलो तर लोक हसतील, असा संकोच अनेकांना वाटतो. तो सोडावा. तेथील डॉक्टर मांजराचेही डॉक्टर आहेत. माझ्या व्यवसायबंधूंनाही एक विनंती आहे. नायट्याचे मूल समोर आले की घरात मांजर आहे का आणि त्याचे केस गळतात का, हे दोन प्रश्न जरूर विचारावेत. पशुवैद्यकांनीही मांजराच्या मालकाला घरात कोणाला चट्टे आहेत का, हे विचारावे. मूल आणि मांजर या दोघांवर एकाच वेळी उपचार झाले तर ट्यूबचा खर्च वाचेल, आणि त्या मुलींच्या पिल्लालाही घराबाहेर जावे लागणार नाही.