दाखल्यावर ‘गंभीर’ लिहिल्यानंतर

मुरबाड तालुक्यातील टोकावड्याकडच्या एका पाड्यावरून आजी रुग्णालयात आल्या, तेव्हा गर्भाशयमुखाचा कर्करोग शेवटच्या टप्प्यात होता. थोरला मुलगा जन्मठेपेत. धाकटा म्हणाला, “डॉक्टरसाहेब, दाखल्यावर ‘गंभीर’ असं लिहा, म्हणजे दादाला सोडतील.” मी लिहिले. कागद खातरजमेसाठी फिरला; शिक्का अस्पष्ट म्हणून परत आला, पुन्हा गेला. बत्तिसाव्या दिवशी आजी गेल्या. दहाव्याला मुलगा आला. कागदपत्रांसाठी माझ्यासमोर उभा राहिला आणि एवढेच बोलला, “आईच्या तोंडात पाणी घालायचं राहिलं.”

महाराष्ट्रात कैद्यांना संचित रजा (फर्लो) आणि अभिवचन रजा (पॅरोल) नियमांनुसार मिळते. आईवडील, पत्नी वा मुलांचे गंभीर आजारपण हे पॅरोलचे मान्य कारण आहे. त्यासाठी दाखला, पोलीस अहवाल, जामीनदार लागतो. भूमिहीन कातकरी कुटुंबाने पत असलेला जामीनदार आणायचा कुठून?

‘जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे’ हा आपल्याकडचा पक्का गैरसमज. गोपाळ गोडसे यांच्या याचिकेवर १९६१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की जन्मठेप म्हणजे उरलेले संपूर्ण आयुष्य. सूट देणे सरकारच्या हाती. देहदंडही होऊ शकणाऱ्या गुन्ह्यांत चौदा वर्षांआधी सुटका नाही, हे बंधन १९७८मध्ये आले. पण चौदा वर्षे भरली म्हणून सुटकेचा हक्क मिळत नाही.

अशी अनिश्चितता शरीरालाही जाणवते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१६मध्ये ४५ स्वयंसेवकांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. हाताला विजेचा सौम्य झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना जेवढा ताण आला, त्याहून अधिक ताण शक्यता निम्मी-निम्मी असताना आला. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्यांवरून तो मोजला होता. प्रयोगशाळा म्हणजे तुरुंग नव्हे. तरी कैद्याची बायको तपासणीला येते, तेव्हा ‘झोप लागत नाही’ याचे कारण मला विचारावे लागत नाही.

दुसरी बाजूही खरी आहे. खोटे दाखले देणारे आमच्या व्यवसायात आहेत, रजेवर सुटून फरार होणारे कैदी आहेत आणि ज्यांचे माणूस मारले गेले, त्या घरालाही भीती असते. म्हणून तपासणी हवीच. पण ती एका फोनवर होऊ शकते. सरकारी डॉक्टरने ‘रुग्णाच्या हाती थोडेच दिवस आहेत’ असे लिहिले, तर रुग्णालयाकडून त्याच दिवशी खात्री करावी, ठरावीक दिवसांत निर्णय द्यावा आणि नकार असेल तर कारण लेखी कळवावे. जामीनदार नसलेल्याला पोलीस बंदोबस्तात तासाभराची भेट तरी घडवावी.

शिक्षा न्यायालयाने मुलाला दिली होती. आजींना कोणी दिली नव्हती.